कंचेभागुबेव पाठ आहे, तरी उत्तर चुकते

प्रश्न : माझी मुलगी सेमी-इंग्रजी माध्यमात सातवीला आहे. रोज वीस-पंचवीस उदाहरणे सोडवूनही ती २० − ८ + ५ चे उत्तर ७, २.५ + १.७५ चे २.०० आणि १/२ + १/३ चे २/५ लिहिते. पदावली सोडवण्याच्या क्रमासाठी शाळेत तिला बॉडमास हे इंग्रजी सूत्र शिकवले आहे, मी माझ्या वेळचे कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) सांगून पाहिले, पण फरक पडला नाही. सराव आणखी वाढवावा का?
— एक पालक, भांडुप

उत्तर : सराव वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलीची पहिली चूक निष्काळजीपणाची नाही. तिने सूत्र अक्षरशः पाळले, म्हणूनच ती झाली. कंचेभागुबेव असो वा बॉडमास, दोन्हींत बेरीज वजाबाकीच्या आधी येते, त्यामुळे तिने ८ + ५ = १३ आधी केले आणि ते २० मधून वजा केले. प्रत्यक्षात बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच असतो आणि पदावलीत त्या डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने करायच्या असतात. हाच नियम भागाकार-गुणाकारालाही आहे. पण तिथे भागाकार आधी केल्याने उत्तर बिघडत नाही, म्हणून हा गैरसमज बराच काळ लक्षात येत नाही. तिला हेच उदाहरण बोलून दाखवायला सांगा : वीस रुपये होते, आठ खर्च झाले, मग पाच मिळाले. १७ हे उत्तर ती स्वतःच सांगेल.

सूत्रातल्या ‘चे’कडे मात्र विशेष लक्ष द्या. ३६ ÷ ६ चे १/२ यात आधी ६ चे अर्धे, म्हणजे ३ काढायचे आणि मग भागायचे, उत्तर १२. ‘चे’ऐवजी नुसते गुणाकाराचे चिन्ह असते, तर उत्तर ३ आले असते. शिवाय मराठीत आपण ‘६ चे १/२’ म्हणतो आणि तिच्या पुस्तकात तेच ‘१/२ ऑफ ६’ असे उलट्या क्रमाने येते. घरी मराठीत आणि शाळेत इंग्रजीत गणित ऐकणाऱ्या मुलीचा इथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

उरलेल्या दोन चुकांवर आपल्या भाषेतच उपाय आहे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाव, अर्धा, सव्वा, दीड, साडेतीन यांचे पाढे आता कोणी पाठ करत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. पण त्यांतले शब्द अजून घरोघरी बोलले जातात. २.५ म्हणजे अडीच आणि १.७५ म्हणजे पावणेदोन. अडीचमध्ये पावणेदोन मिळवून दोन कसे होतील, हे तिला विचारा. तिने दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह न ठेवता शेवटचे अंक एकाखाली एक मांडले आहेत, २.५० + १.७५ असे लिहिले की ४.२५, म्हणजे सव्वाचार, येतात. तसेच अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी असलेले २/५ कसे उरेल? छेद समान करून ३/६ + २/६ = ५/६ ही रीत तिला येतच असेल; उत्तर किती मोठे असावे, याचा विचार तेवढा राहून जातो.

तो विचार आधी करण्याची सवय गुणाकारात फार उपयोगी पडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली, ते अंतर २१ मैल. मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, म्हणून २१ × १.६ करायचे. वीस दिडे तीस, म्हणजे उत्तर तिसाच्या थोडे पुढे असणार, मग ३.३६ किंवा ३३६ असे लिहिणारा हात आपोआप थांबतो आणि ३३.६ लिहितो.

रोज पाचच उदाहरणे द्या, पण प्रत्येक आधी बोलून आणि अंदाज सांगूनच सोडवायचे, असे ठरवा. रविवारी तिला भाजीबाजारात न्या. ६० रुपये किलोची भाजी सव्वा किलो आणि ८० रुपये किलोची पाऊण किलो घेऊन ५०० रुपयांची नोट दिली, तर परत किती मिळतील, हे तिला एकाच पदावलीत लिहू द्या : ५०० − (१.२५ × ६० + ०.७५ × ८०). उत्तर ३६५. नंतर तोच कंस पुसून पुन्हा सोडवायला सांगा आणि ४८५ आल्यावर, भाजीवाला एवढे पैसे परत देईल का, ते तिलाच विचारा.