‘क्लीन’ केलं की चालतं, पण का?

प्रश्न: सी प्रोजेक्टच्या हेडरमध्ये (अनेक सी फाइलींना सामाईक फाइल) स्ट्रक्टमधल्या रोल नंबर आणि गुण यांच्या मध्ये ‘इयत्ता’ घातली, तिन्ही इंट. मेक (बिल्ड करणारं साधन) चालवलं, एकही एरर नाही; पण गुण ७८ ऐवजी १० छापले जातात. मेक क्लीन करून (बनलेल्या फाइली पुसून) पुन्हा बिल्ड केला की ठीक. (विद्यार्थी, रामबाग, इंदूर)

उत्तर: ते १० म्हणजे इयत्ता! मेक फक्त फाइलींच्या वेळा ताडून बघतं. सोर्स हा ऑब्जेक्टपेक्षा (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलीपेक्षा) नवा असेल तरच पुन्हा कंपाइल. तुमच्या मेकफाइलमध्ये (मेकच्या नियमांच्या फाइलीत) ऑब्जेक्टपुढे सी फाइल लिहिली असणार, हेडर नाही. माहिती भरणारी फाइल तुम्ही बदललीत म्हणून ती नव्याने कंपाइल झाली. छापणारी जुनीच राहिली. ती अजून पहिले चार बाइट सोडून गुण वाचते आणि तिथे आता इयत्ता बसलीय.

दर वेळी क्लीन करणं म्हणजे दुखणं दाबणं. जीसीसी या कंपायलरला ‘-एमएमडी’ द्या. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक डी फाइल तयार होते, तिच्यात कुठली हेडरं लागली त्यांची यादी असते. त्या फाइली मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा. इन्क्लूडच्या आधी उणे चिन्ह ठेवा, म्हणजे पहिल्या वेळी त्या नसल्या तरी मेक अडणार नाही. मग एकदा शेवटचं क्लीन.

प्रश्न: मेक क्लीन दिलं की ‘क्लीन अप टु डेट आहे’ म्हणतं आणि पुसत काहीच नाही.

उत्तर: फोल्डरमध्ये ‘क्लीन’ नावाची फाइल पडली असेल. मेकला वाटतं हीच बनवायची होती, आणि ती तर तयार आहे. फाइल उडवा, मेकफाइलमध्ये ‘.फोनी: क्लीन’ (.PHONY: clean) लिहा, म्हणजे क्लीन ही फाइल नाही हे मेकला कळतं.

प्रश्न: डिस्क भरलीय. मित्र म्हणतो, ‘गिट क्लीन -एफडीएक्स’ मार. मारू?

उत्तर: थांबा जरा. ते गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) न नोंदलेल्या सगळ्या फाइली उडवतं, इग्नोर केलेल्याही. सराफ्यातून खाऊन आल्यावर, रात्री एकच्या सुस्तीत मी ते मारलं होतं. गिटमध्ये अजून ॲड न केलेली दोन दिवसांची पार्सर फाइल गेली, आणि ट्रॅशमध्येही सापडली नाही. आधी त्यात ‘एन’ घालून चालवा. काय जाणार ते नुसतं दाखवतं. धाकट्या एक्सऐवजी कॅपिटल एक्स दिलात तर फक्त गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाइली जातात, नवा कोड राहतो. पण पासवर्डची लोकल सेटिंग फाइलही बहुधा इग्नोरमध्येच असते. कॅपिटल एक्ससोबत ती वाचवायला ‘-ई’ पुढे नावाआधी उद्गारचिन्ह लावा आणि ते एकेरी अवतरणात ठेवा; नुसतं नाव दिलंत तर उलट तीही पुसली जाते.

प्रोजेक्ट रस्ट भाषेतला असेल तर ‘कार्गो क्लीन’ पुरे, ते बिल्डचं सगळं ठेवणारं टार्गेट फोल्डरच उडवतं. पुढचा बिल्ड मात्र पहिल्यापासून होईल, तो जेवायला उठताना लावा.