वाचकांचे प्रश्न : ‘स्टुका’चा दरारा किती खरा होता?

दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षाविषयी आम्ही छापलेल्या लेखात जर्मनीच्या ‘स्टुका’ विमानांचा ओझरता उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, तर काहींना सविस्तर उत्तर द्यावे लागते.

प्रश्न : ‘स्टुका’ हे एका विमानाचे नाव आहे की विमानांच्या प्रकाराचे? ते कोणी तयार केले?

मुळात ते प्रकाराचे नाव आहे. जर्मन भाषेतील ‘श्टुर्त्सकाम्प्फफ्लुगत्सॉइग’ या लांबलचक शब्दाचे ते लघुरूप होय. श्टुर्त्स म्हणजे कोसळणे, काम्प्फ म्हणजे लढाई आणि फ्लुगत्सॉइग म्हणजे विमान. उंचावरून लक्ष्यावर जवळजवळ सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारे कोणतेही विमान या शब्दात बसते. मात्र युंकर्स कंपनीच्या ‘जेयू ८७’ या विमानाने इतकी कीर्ती आणि अपकीर्ती मिळवली की पुढे हे नाव त्यालाच चिकटले.

हेर्मान पोलमान यांनी आखलेल्या या विमानाचा पहिला नमुना १७ सप्टेंबर १९३५ रोजी उडाला. गंमत अशी की त्याला ब्रिटिश बनावटीचे रोल्स-रॉइस केस्ट्रेल इंजिन बसवले होते, कारण योग्य ताकदीचे जर्मन इंजिन तेव्हा तयार नव्हते. या नमुन्याला दोन उभ्या शेपट्या होत्या. जानेवारी १९३६ मध्ये चाचणीच्या वेळी सूर मारताना शेपटीचा भाग निखळून विमान कोसळले आणि आतील दोघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या नमुन्यांना एकच शेपटी ठेवण्यात आली.

हा प्रकल्प जवळजवळ बंदच पडणार होता. विमानखात्यातील वोल्फ्राम फोन रिश्टहोफेन यांचा सूर मारण्याच्या कल्पनेवर विश्वास नव्हता आणि जून १९३६ मध्ये त्यांनी काम थांबवण्याचा हुकूम काढला. परंतु त्याच सुमारास खात्याच्या तांत्रिक विभागाची सूत्रे एर्न्स्ट उडेट यांच्या हाती आली. पहिल्या महायुद्धात ६२ विमाने पाडणारे हे वैमानिक अमेरिकेत कर्टिस कंपनीच्या विमानांचे सूर पाहून भारावून गेले होते आणि १९३३ मध्ये त्यांनी तशी दोन विमाने जर्मनीत आणवली होती. त्यांनी प्रकल्प पुन्हा सुरू केला. म्हणजे ज्या विमानाला जर्मन युद्धतंत्राचे प्रतीक मानले जाते, त्याच्या मुळाशी अमेरिकी प्रेरणा होती आणि त्याचे पहिले उड्डाण ब्रिटिश इंजिनावर झाले.

प्रश्न : सूर मारताना नेमके काय घडत असे? वैमानिक शुद्धीवर कसा राहत असे?

विमानात दोघे असत. पुढे वैमानिक बसे आणि त्याच्याकडे पाठ करून मागे रेडिओ व मशीनगन सांभाळणारा सहकारी बसे. लक्ष्यावर पोहोचेपर्यंत विमान साधारण चार हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर असे. वैमानिकाच्या दोन पायांच्या मधे जमिनीकडे पाहण्याची काचेची खिडकी होती. लक्ष्य त्या खिडकीत आले की तो पंखांखालच्या वेगरोधक पट्ट्या उघडी आणि विमान पालथे करून नाक खाली घाली. बाजूच्या काचेवर तांबड्या रेषा आखलेल्या असत. त्या क्षितिजाशी जुळवून तो सुराचा कोन ठरवी. हा कोन ६० अंशांपासून थेट ९० अंशांपर्यंत असू शके. पट्ट्यांमुळे वेग तासाला साधारण ५०० ते ६०० किलोमीटरच्या आसपास आवरला जाई आणि वैमानिकाला नेम धरण्यास काही सेकंद मिळत. पोटाखालचा मोठा बॉम्ब एका झुलत्या चौकटीत अडकवलेला असे. सुटताना ही चौकट त्याला पुढच्या पंख्याच्या कक्षेबाहेर ढकलत असे, नाहीतर बॉम्ब स्वतःच्याच पंख्यावर आदळला असता.

सुमारे ४५० मीटर उंचीवर बॉम्ब सुटला की विमान वर खेचले जाई. त्या क्षणी शरीराचे वजन पाच-सहा पटींनी वाढल्यासारखे वाटे, रक्त डोक्याकडून खाली उतरे आणि डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हणूनच बॉम्ब सुटताच विमान आपोआप वर घेणारी यंत्रणा बसवलेली होती. वैमानिक काही क्षण भान हरपून बसला तरी विमान जमिनीत घुसू नये, ही त्यामागची योजना होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने या विमानातील ही सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय होती, असे मला वाटते.

तिची मर्यादाही लगेच दिसली. १५ ऑगस्ट १९३९ रोजी सायलेशियातील नॉयहामर येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक होते. ढगांचा थर बराच वर संपतो आणि खाली हवा स्वच्छ आहे, अशी माहिती तुकडीला दिलेली होती. प्रत्यक्षात तो थर जवळजवळ जमिनीला टेकला होता. तुकडीप्रमुख वाल्टर झीगेल यांना ढगातून बाहेर पडताच समोर झाडे दिसली. त्यांनी रेडिओवर ओरडून इशारा दिला आणि स्वतः कसेबसे वाचले, पण मागून येणारी १३ विमाने एकापाठोपाठ जमिनीवर आदळली. २६ जण ठार झाले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी महायुद्ध सुरू झाले.

प्रश्न : युद्धपटांत ऐकू येणारा तो भयंकर किंकाळीसारखा आवाज खरोखरच विमानाचा होता का?

आवाज खरा होता, परंतु तो इंजिनाचा नव्हता. काही विमानांच्या चाकांच्या खांबांवर हवेच्या झोताने फिरणारे छोटे पंखे बसवून त्यांना भोंगे जोडलेले होते. त्यांना ‘जेरिकोचा कर्णा’ असे नाव पडले. बायबलमधील कथेनुसार जेरिको नगराची तटबंदी कर्ण्यांच्या नादाने कोसळली, त्यावरून हे नाव आले. विमानाचा वेग वाढत जाई तसा आवाज चढत जाई, त्यामुळे खाली असलेल्या प्रत्येकाला ते विमान नेमके आपल्याच डोक्यावर येत आहे असे वाटे.

आजच्या पडद्यावर कोसळणाऱ्या कोणत्याही विमानाला हाच आवाज लावलेला असतो. प्रत्यक्षात या भोंग्यांमुळे हवेचा अवरोध वाढून आधीच मंद असलेल्या विमानाचा वेग तासाला २० ते २५ किलोमीटरने घटत असे आणि शत्रूलाही आगाऊ सूचना मिळत असे. त्यामुळे अनेक तुकड्यांनी ते काढून टाकले आणि पुढे काही वेळा बॉम्बलाच शिट्ट्या जोडण्यात आल्या.

मात्र या आवाजाने काय साधले, हे १३ मे १९४० रोजी फ्रान्समधील सेदाँ येथे दिसले. म्यूज नदी ओलांडण्यासाठी जर्मन सैन्य काठावर थांबले होते आणि पलीकडच्या फ्रेंच मोर्चांवर दिवसभर विमानांच्या लाटा येत राहिल्या. इतक्या बॉम्बफेकीनंतरही काँक्रीटचे मोर्चे बहुतांशी शाबूत होते आणि मृतांची संख्या तुलनेने कमी होती. पण टेलिफोनच्या तारा तुटल्या, एका ठाण्याचा दुसऱ्याशी संपर्क उरला नाही आणि खंदकात बसलेल्या माणसांची गाळण उडाली. संध्याकाळी बुल्साँ गावाच्या परिसरात जर्मन रणगाडे आल्याची अफवा पसरली आणि ५५व्या डिव्हिजनच्या तोफखान्यातील सैनिक तोफा टाकून मागे पळत सुटले. त्या वेळी एकही जर्मन रणगाडा नदी ओलांडून आलेला नव्हता. त्या सैनिकांना भेकड म्हणण्याची घाई कोणी करू नये, असे मला मनापासून वाटते. प्रत्युत्तर देण्याची काहीच सोय नसताना तासन्‌तास तो आवाज सहन करणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला येणे कठीण आहे.

प्रश्न : हे विमान एवढे प्रभावी होते, तर ब्रिटनच्या लढाईतून ते मागे का घ्यावे लागले?

या विमानाची खरी ओळख याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

स्टुकाची अचूकता हा प्रचाराचा भाग नव्हता. सरळ उडत बॉम्ब टाकणाऱ्या त्या काळातील विमानांचा नेम शेकडो मीटरने चुकत असे, तर सराईत स्टुका वैमानिकाचा बॉम्ब साधारण तीसेक मीटरच्या वर्तुळात पडत असे. पूल, जहाज, तोफांचे ठाणे अशा नेमक्या लक्ष्यांसाठी ही मोठीच ताकद होती. पण तिची किंमत मोजावी लागे. उघडी, न मिटणारी चाके आणि चापट ‘डब्ल्यू’सारखे वाकलेले पंख असलेल्या या विमानाच्या ‘बी’ आवृत्तीचा कमाल वेग तासाला ४०० किलोमीटरलाही पोहोचत नव्हता, तर ब्रिटनची स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमाने ५०० च्या पुढे जात. सूर संपवून वर येताना ते सर्वांत मंद असे आणि त्याच क्षणी ते सर्वांत असहाय असे. मागे बसलेल्या सहकाऱ्याच्या एका मशीनगनने अशा वेळी फारसे संरक्षण होत नसे.

पोलंड आणि फ्रान्समध्ये आकाश बहुतेक वेळा जर्मनीच्या ताब्यात होते, म्हणून ही उणीव झाकली गेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर रडारची साखळी होती आणि लढाऊ विमाने वेळेवर वर चढत होती. १८ ऑगस्ट १९४० रोजी स्टुकांच्या ७७व्या दलाने गॉस्पोर्ट, फोर्ड आणि थॉर्नी आयलंड येथील विमानतळांवर आणि पोलिंगच्या रडार केंद्रावर हल्ला केला. एका दुपारी पंधरा-सोळा स्टुका नष्ट झाल्या. थॉर्नी आयलंडवर गेलेल्या २८ विमानांच्या तुकडीतील १० परतलीच नाहीत. त्यानंतर ब्रिटनवरील मोठ्या हल्ल्यांतून हे विमान बाजूला काढण्यात आले.

तरीही येथे स्टुकाचा अध्याय संपला असे म्हणणे चुकीचे ठरेल. जेथे डोक्यावर शत्रूची लढाऊ विमाने नव्हती किंवा अपुरी होती, तेथे ते पुन्हा तितकेच घातक ठरले. १० जानेवारी १९४१ रोजी भूमध्य समुद्रात विमानवाहू नौका ‘इलस्ट्रियस’ त्यांच्या बॉम्बनी जबर जखमी झाली. मे महिन्यात क्रीट बेटाजवळ ब्रिटिश आरमाराने अनेक नौका गमावल्या. त्यांत २३ मे रोजी बुडालेली ‘केली’ ही विनाशिका होती आणि तिचे कप्तान होते लॉर्ड लुई माउंटबॅटन, जे पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झाले.

या यशाचा एक दुष्परिणाम जर्मनीलाच भोगावा लागला. उडेट आणि त्यांचे सहकारी सुराच्या अचूकतेवर इतके भाळले होते की प्रत्येक नव्या बॉम्बफेकी विमानाला सूर मारता आला पाहिजे, असा आग्रह धरला गेला. वेगवान ‘जेयू ८८’ त्यामुळे जड झाले आणि ‘हाइंकेल १७७’सारख्या अवजड, लांब पल्ल्याच्या विमानावरही ही अट लादल्याने त्याचा विकास रखडला.

प्रश्न : स्टुकाचे जर्मन वैमानिक हान्स-उलरिश रूडेल यांनी एकट्याने ५१९ रणगाडे नष्ट केले, हे खरे मानावे का?

तो त्यांच्या नावावर नोंदवलेला दावा आहे, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. पूर्व आघाडीवर १९४३ पासून ‘जी’ आवृत्तीच्या पंखांखाली ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा लावलेल्या होत्या. प्रत्येकीत फक्त १२ गोळे मावत. अशा विमानातून रणगाड्याच्या मागील पातळ चिलखतावर नेम धरणे अत्यंत कौशल्याचे काम होते आणि ते कौशल्य रूडेल यांच्याकडे होते, यात शंका नाही. अडीच हजारांवर मोहिमा आणि २३ सप्टेंबर १९४१ रोजी क्रोनश्टाट बंदरात ‘मारात’ या सोव्हिएत युद्धनौकेवर टाकलेला बॉम्ब याची साक्ष देतात. परंतु धूर आणि धुळीतून क्षणभर पाहिलेला रणगाडा खरोखर निकामी झाला की नुसता धुराने वेढला गेला, हे आकाशातून ठरवता येत नाही. १९४४ मध्ये नॉर्मंडीत ब्रिटिश तपासपथकांनी जमिनीवरील सांगाडे मोजले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच वैमानिकांचे दावे कितीतरी फुगलेले निघाले होते. जर्मन दाव्यांना वेगळा नियम लावण्याचे कारण नाही.

रूडेल अखेरपर्यंत नाझी विचारांचे उघड समर्थक राहिले, हेही त्यांच्या पराक्रमाबरोबर सांगितले गेले पाहिजे. १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हवाई दलातील दोन जनरलना त्यांची पाठराखण केल्यामुळे पदावरून जावे लागले.

प्रश्न : नागरी वस्त्यांवर ही विमाने वापरली गेली होती का?

होय, आणि तीही महायुद्धापूर्वीपासून. मे १९३८ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात कास्तेयॉन प्रांतातील बेनासाल, अल्बोकासेर, आरेस आणि व्हिलार दे कानेस या चार लहान गावांवर ५०० किलोच्या बॉम्बची चाचणी घेण्यात आली. ३८ माणसे मेली. जर्मन अधिकाऱ्यांनी नंतर गावांत जाऊन पडलेल्या घरांची छायाचित्रे काढली आणि बॉम्ब कितपत अचूक पडले याचा अहवाल तयार केला. १ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी पोलंडमधील व्हिएलुन या गावावर स्टुका आल्या. तेथील रुग्णालय पहिल्याच हल्ल्यात उद्ध्वस्त झाले. या हल्ल्यातील एका तुकडीचे प्रमुख नॉयहामरच्या अपघातातून वाचलेले झीगेल हेच होते.

प्रश्न : आज यांपैकी एखादे विमान पाहायला मिळते का?

साडेपाच हजारांहून अधिक बनलेल्या या विमानांपैकी जवळजवळ पूर्ण अवस्थेत केवळ दोन उरली आहेत. एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. दुसरे उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या हाती लागलेले असून ते शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात छताला टांगलेले आहे. उत्पादन १९४४ मध्ये थांबले होते आणि उरलेली विमाने शेवटी बहुतांशी रात्रीच्या हल्ल्यांसाठी वापरली जात होती, कारण दिवसा ती आकाशात टिकत नव्हती.