“चार गर्दुल्ले एकत्र बसून काय दिवे लावणार?”

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. यावेळी विचारणारी आई लालबागची होती, पोळीभाजी केंद्र चालवणारी. मुलगा सव्वीस वर्षांचा, लायटिंगची कामं घेणारा. त्याला आपण सचिन म्हणू. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) तीन वर्षं एमडी (मेफेड्रोन, एक उत्तेजक नशा) घेत होता. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर काढून नुकताच घरी आला होता आणि मी त्याला नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे नशा सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगला जायला सांगितलं होतं.

“मॅडम, दागिने मोडून त्या संगतीतून सोडवला. आता तुम्हीच परत तिकडे धाडताय?”

प्रश्न खुळा नाही. नशा संगतीनेच लागते. सुरुवातीची काही वर्षं मीही मनातल्या मनात हेच म्हणायचे. पदवी माझ्याकडे, आणि हा ऐकणार कुणाचं, तर कालपर्यंत पुलाखाली पडलेल्या माणसाचं! त्यात माझा अहंकारही होता, कबूल करते.

काही मीटिंगना घरच्यांनाही बसता येतं. तशा एका मीटिंगला मी या ताईंना, सचिनच्या आईला, घेऊन गेले. शाळेचा वर्ग, बुटके बाक, कागदी कपात चहा. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला एकच गोष्ट लागते, नशा सोडायची इच्छा. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत. दारू पिणाऱ्यांसाठी १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अशाच गटांच्या धर्तीवर १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात हे सुरू झालं. ताईंना त्या इतिहासाशी काही घेणं नव्हतं. त्या सगळा वेळ पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

मीटिंगनंतर चहा घेताना जे झालं, ते मात्र त्या विसरल्या नाहीत.

गणपती तोंडावर आले होते. सचिन म्हणत होता, “एका मंडळाकडे बावीस हजार अडकलेत. आज रात्री साडेबाराला जाऊन घेऊन येतो.” आईला बरं वाटलं होतं, पोरगा व्यवहार बघायला लागला. मी तर फाइलमध्ये ‘जबाबदारी घेऊ लागला आहे’ असं लिहून मोकळी झाले होते. गटात एक काका होते, पूर्वी गर्द (हेरॉइन) ओढायचे, चौदा वर्षं क्लीन, म्हणजे नशेला हात न लावलेले. त्यांनी बिस्किट चहात बुडवत विचारलं, “रात्री साडेबाराला कोण पेमेंट देतो रे? तुझ्याकडे जीपे नाही?”

सचिन आधी हसला. मग त्याचे डोळे भरले. मंडपात रात्र जागवायला जी पोरं पुडी द्यायची, ती त्याच मंडळाची होती.

माझ्या खोलीत चार बैठकांत जे सापडलं नव्हतं, ते काकांना एका बिस्किटात सापडलं. कारण ही थाप त्यांनी स्वतः शंभरदा मारलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते सचिनबरोबर गेले आणि पैसे घेऊन दोघं सरळ घरी आले.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. विसर्जनानंतर, नशा सोडल्याच्या त्र्याहत्तराव्या दिवशी, सचिन घसरला. रात्री दोन वाजता त्याने काकांना फोन केला. माझा फोन नऊनंतर बंद असतो. नशेविना किती दिवस काढले त्याचे बिल्ले गटात मिळतात. पुढच्या मीटिंगला त्याने तीस दिवसांचा केशरी आणि साठ दिवसांचा हिरवा बिल्ला खिशात ठेवला आणि पहिल्या दिवसाचा पांढरा पुन्हा हातात घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई माझ्याकडे आल्या त्या तणतणतच. “पोरगा परत घ्यायला लागला आणि टाळ्या कसल्या वाजवतात?”

मी म्हटलं, “मागच्या वेळी घसरला तेव्हा तुम्हाला कधी कळलं?” त्या गप्प झाल्या. पाच महिन्यांनी कळलं होतं, मंगळसूत्र जागेवर नव्हतं तेव्हा. यावेळी दुसऱ्या दिवशी कळलं. टाळ्या परत आल्याबद्दल होत्या. लाजेने घसरण लपवली की ती लांबते. गर्दवाल्यांच्या बाबतीत तर जिवाशी खेळ असतो: काही आठवडे बंद ठेवलं की शरीराची सवय उतरते, आणि जुनाच डोस अंगावर आला तर श्वास थांबू शकतो.

तरी ताईंच्या भीतीत तथ्य आहे, म्हणून काही गोष्टी मी प्रत्येकाला बजावते. नव्याने नव्याचा हात धरू नये. दोघं कच्चे असले तर दोघंही बुडतात. नंबर घ्यायचा तो जुन्या सभासदाचा, मुलींनी बाईचा. उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. गट पटला नाही तर दुसरा बघावा, मुंबईत एकच गट नाही. आणि गट म्हणजे दवाखाना नव्हे. सचिनला झोप लागत नव्हती, सगळ्यांचा संशय यायचा. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची औषधं चालूच ठेवली. ‘गोळी खाणारा क्लीन नाही’ असं सांगणारा एखादा जुना गडी भेटतो. त्याचं ऐकून ब्युप्रेनॉर्फिन (गर्द सोडवायला डॉक्टर देतात ती गोळी) किंवा दुसरं औषध परस्पर बंद करू नये. याबाबतीत माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि राहील. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

ताईंना मी घरच्यांसाठीच्या वेगळ्या गटात पाठवलं. कुरकुरत गेल्या. तोपर्यंत त्या रोज मुलाचे खिसे तपासायच्या, चाळीच्या गॅलरीत संडासाबाहेर उभ्या राहायच्या.

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. शनिवारी सचिनला यायला उशीर झाला होता, पावणेबारा वाजले होते.

“मग? खाली शोधायला गेलात?”

“नाही. गटातल्या भांडुपच्या बाईला फोन लावला. तिचाही पोरगा घरी नव्हता. बोलत बसलो.”

“आणि सचिन?”

“आला ना साडेबाराला. मी चकलीचं पीठ मळत होते, दार त्याने स्वतःच उघडलं.”