ए लेव्हलचे इंग्रजी साहित्य : अभ्यास नेमका कसा करावा?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये ए लेव्हलच्या (विद्यापीठापूर्वीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला असून तिने इंग्रजी साहित्य हा विषय घेतला आहे. जीसीएसईला (त्याआधीच्या, साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालेय परीक्षेला) तिला या विषयात उत्तम श्रेणी मिळाली होती. आता मात्र शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकावरील निबंधांना जेमतेम गुण मिळतात. शेक्सपिअरच्या काळाची माहिती ती लिहिते, समीक्षकांची मतेही पाठ करून देते, तरी ‘संहितेकडे परत जा’ हा शेरा काही चुकत नाही. तिने काय करावे? शिवाय पुढे कायद्याची पदवी घ्यायची असेल, तर हा विषय ठेवण्यात अर्थ आहे का? – एक पालक

उत्तर : शिक्षकांचा शेरा योग्य आहे आणि तो पहिल्याच वर्षी मिळतो आहे, हे मला चांगले लक्षण वाटते. ए लेव्हलला किमान आठ साहित्यकृती अभ्यासाव्या लागतात. त्यांपैकी निदान तीन १९०० पूर्वीच्या, त्यांत एक शेक्सपिअरचे नाटक, आणि निदान एक कृती २००० नंतरची असते. याखेरीज पूर्वी न वाचलेल्या उताऱ्यावरही लिहावे लागते. मूल्यांकनाचे निकष पाच आहेत : सुसंगत भाषेत मांडलेला स्वतःचा विचार, लेखक अर्थ कसा घडवतो याचे विश्लेषण, काळाचा व परिस्थितीचा संदर्भ, कृतींमधील परस्परसंबंध आणि निरनिराळे अन्वयार्थ. हे निकष ऐकले, की हुशार विद्यार्थीसुद्धा निबंधाचे पाच खण पाडतात आणि एका खणात इतिहास, दुसऱ्यात समीक्षक असे भरत जातात. आपल्या मुलीचेही बहुधा हेच होत असावे.

‘ऑथेल्लो’चेच उदाहरण घेऊ. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो व्हेनिसच्या राज्यसभेपुढे उभा राहतो, आपल्याला गोड बोलता येत नाही असे सांगतो आणि मग इतक्या डौलदार, संथ पद्यात पत्नी डेस्डेमोना हिचे मन जिंकणारी आपली कहाणी सांगतो, की ती ऐकून आपली मुलगीही भाळली असती, असे खुद्द ड्यूकच, म्हणजे व्हेनिसचा प्रमुखच, म्हणतो. चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात त्याच्या हाताखालच्या कपटी इयागोने पत्नीच्या निष्ठेबद्दल विष कालवल्यावर मात्र ऑथेल्लोचे पद्य मोडून गद्य होते, वाक्ये अर्धवट तुटतात, त्याने पत्नीला दिलेल्या रुमालाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आणि अखेर तो शुद्ध हरपून कोसळतो. ‘येथे ऑथेल्लोचा मत्सर दिसतो’ एवढेच लिहिले, तर ते कथानक झाले. ज्याचे बोलणे सारी राज्यसभा कान देऊन ऐकत होती त्याला आता एक वाक्य पुरे करता येत नाही, आणि जे तुकडे त्याच्या तोंडून बाहेर पडतात ते इयागोनेच पेरलेले आहेत, असे लिहिले की विश्लेषणाला सुरुवात होते.

संदर्भाची गरज भासते ती इथे. तुर्कांविरुद्धच्या लढाईसाठी व्हेनिसला हा परका सेनापती हवा आहे. त्याची प्रतिष्ठा त्याच्या पराक्रमावर आणि तो पराक्रम सांगणाऱ्या वाणीवर उभी आहे. म्हणून वाणी गेली, की त्या समाजातले त्याचे स्थानही डळमळते. इतिहासाची ही दोन वाक्ये त्या गद्य उताऱ्याला चिकटून आली, तर परीक्षकाला ती मोलाची वाटतात. तीच स्वतंत्र परिच्छेदात आली, तर ती केवळ माहिती राहते.

समीक्षकांचेही तसेच आहे. समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये ऑथेल्लोला थोर मनाचा, इयागोच्या कपटाला बळी पडलेला नायक मानले, तर दुसरे समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी १९३७ मध्ये ते साफ नाकारून त्याच्या आत्मगौरवातच नाशाचे मूळ दाखवले. ही मते पाठ करण्यापेक्षा त्याच उताऱ्यावर ती पडताळून पाहावीत : इतक्या झटपट कोसळणे हा लीव्हिस यांचा पुरावा आहे, की ब्रॅडलींना दिसलेल्या जखमेची खोली? मुलीला दोघेही पटले नाहीत तरी चालेल, मात्र तिचा नकार ओळींवरून सिद्ध व्हायला हवा.

रोजच्या अभ्यासासाठी माझा आग्रह एवढाच, की मार्गदर्शक पुस्तक उघडण्यापूर्वी नाटक दोनदा वाचावे आणि शक्य असल्यास त्याचा प्रयोग पाहावा, कारण पद्य कुठे मोडते हे डोळ्यांआधी कानाला कळते. दर आठवड्याला वीसेक ओळींचा एक उतारा घेऊन, कोणाचीही मदत न घेता, त्यावर पानभर लिहावे. न वाचलेल्या उताऱ्याची तयारीही त्यातच होते. एकूण गुणांपैकी २० टक्के परीक्षेबाहेरील लेखनाला असतात; तिथे कृती निवडण्याची मोकळीक असेल, तर एकमेकींशी खरोखर वाद घालणाऱ्या दोन कृती घ्याव्यात.

कायद्याच्या पदवीसाठी इंग्लंडमधील विद्यापीठे सहसा ठराविक विषयाची अट घालत नाहीत, आणि पुराव्यावरून युक्तिवाद उभारण्याची सवय या विषयात चांगली लागते. उलट पुढे तिचे मन इंग्रजीच्याच पदवीकडे वळले, तर अनेक विद्यापीठे ए लेव्हलला हा विषय मागतात. तेव्हा तो सोडण्यापूर्वी तिच्या पसंतीच्या विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी अवश्य पाहाव्यात.