बाळ जन्मल्याबरोबर आंघोळ घालून मध चाटवावा का? घरातली मोठी माणसं आग्रह धरताहेत

नाही, पहिले २४ तास आंघोळ नको आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नकोच. मी परभणीकडं प्रसूती कक्षात परिचारिका आहे, रोजचं काम हेच. ओलं बाळ बघता बघता गार पडतं. म्हणून जन्मताच कोरड्या सुती कपड्यानं पुसायचं, तो ओला कपडा बाजूला टाकायचा, बाळाला आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, डोक्याला टोपडं आणि वरून दोघांवर पांघरूण. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नव्हे, तो कातडी जपतो, खरवडू नका. तासाभरात पाजायला घ्या. पहिला पिवळसर चीक अजूनही कुणी पिळून टाकतं, ते बघून जीव तुटतो, कारण रोगाशी लढायची ताकद त्यातच असते. मधातल्या जंतूंमुळं कोवळ्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो. मे महिन्यात पारा चाळीशीपार गेला तरी वरचं पाणी नको, दुधातलं पुरतं. नाळ कोरडी ठेवा. हळद, तेल, राख काही नाही.

घरी निघण्याआधी एवढं विचारून घ्या:
- बीसीजी म्हणजे क्षयरोगाची लस, पोलिओचा शून्य डोस म्हणजे जन्मल्यावर लगेचचा डोस
- कावीळ ब ची लस, २४ तासांच्या आत
- व्हिटॅमिन के चं इंजेक्शन

मात्र बाळ २.५ किलोपेक्षा कमी किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर आंघोळ कधी घालायची ते डॉक्टरच ठरवतील. पाय गार लागले, दूध ओढेना किंवा छाती आत ओढली जाऊन धाप लागली, तर शेक देत बसू नका, १०८ ला फोन करा.