जुन्या मोटारसायकलचे गिअर अडकत असतील, तर इंजिन खोलण्याआधी काय तपासावे?

आपण लिहिले आहे की दीडशे सीसीची जुनी गाडी घेतल्यापासून पहिला गिअर टाकताना मोठा आवाज होतो, सिग्नलला उभे राहिल्यावर न्यूट्रल सापडत नाही, दुपारच्या उन्हात हा त्रास वाढतो आणि मिस्त्रीने इंजिन खोलून गिअर बदलावे लागतील असे सांगितले आहे. माझ्या मते एवढ्या लक्षणांवरून इंजिन खोलायला देऊ नये. मी येथे सोलापुरात एमआयडीसीत यंत्रमागांच्या देखभालीचे काम करतो आणि स्वतःसाठी नेहमी जुन्याच गाड्या घेत आलो आहे. आपली लक्षणे वाचून मला गिअरपेक्षा क्लचचा संशय अधिक येतो.

खात्री घरच्या घरी करता येते. इंजिन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर लावावी, कोणाला तरी क्लच दाबून धरायला सांगावे आणि मागचे चाक हाताने हळूहळू पुढेमागे हलवत एकेक गिअर टाकून पाहावा. चाक न हलवता गिअर पडला नाही तर तो दोष समजू नये, कारण या गाड्यांमध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. आपण पायाने सरकवतो ते गिअरच्या बाजूचे जाड दाते, आणि दाराची कडी जशी कोयंड्यासमोर आल्याशिवाय बसत नाही, तसे हे दातेही समोरच्या खाचेपुढे आल्याशिवाय आत जात नाहीत. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि सुरू असतानाच अडतात, असे आढळले तर क्लच पूर्ण सुटत नाही, हे जवळजवळ निश्चित समजावे. अर्धवट सुटलेल्या क्लचमुळे इंजिनाचा जोर दात्यांवर राहतो. तोच पहिल्या गिअरला आवाज करतो आणि न्यूट्रलमध्ये येऊ देत नाही. मग गाडी गरम करून सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून उभी करावी. ती पुढे सरकू पाहत असेल तर शंका उरत नाही. (ही दुसरी तपासणी स्टँडवर करू नये, ऑइलच्या ओढीने चाक तेथे चांगल्या गाडीचेही थोडे फिरते.)

आता क्लचच्या लिव्हरची मोकळी चाल, म्हणजे वायर ताणली जाण्याआधी लिव्हर सैल हलते ते अंतर, पाहावी. या वर्गातील बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी सुमारे 10 ते 20 मिलिमीटर चाल लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाल जास्त असेल तर लिव्हर हँडलला टेकली तरी क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून पूर्ण सुटत नाहीत. जुन्या गाडीत मला येथे नेहमी एक शंका येते. प्लेटा झिजल्या की चाल कमी होते आणि क्लच घसरू लागतो. अशा वेळी विकणारा वायर ढिली करून देतो, म्हणजे चाचणीच्या फेरीत घसरणे जाणवत नाही. त्यामुळे चाल नीट केल्यावर वरच्या गिअरमध्ये एकदम रेस देऊन पाहावी. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, असे झाले तर प्लेटा बदलायच्या आहेत. वायरचे लिव्हरकडचे टोकही बाहेर काढून पाहावे. तेथे एखादी तार तुटून पिंजलेली दिसली तर ऑइल सोडत बसू नये, नवी वायर टाकावी.

ऑइल आधीच्या मालकाने कोणते भरले होते हे आपल्याला कळणार नाही, म्हणून ते बदलूनच टाकावे. ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाडपणा, पुस्तिकेतीलच घ्यावी: काही गाड्यांना 10डब्ल्यू-30 लागते, काहींना 20डब्ल्यू-50. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (दुचाकीच्या ऑइलचे जपानी मानक) लिहिलेले असावे, कारण क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधील घर्षण कमी करणारे घटक त्याला मानवत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो म्हणून जाडच ऑइल हवे, असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो ऐकू नये. जुने ऑइल इंजिन गरम असताना पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्यावे. फडक्यावर बारीक करडा चिखल उरला तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र बोटाला टोचणारे चकाकते तुकडे दिसले तर मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य आहे.

आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरते तो वेग) वाढवून ठेवलेले असले तरी पहिला गिअर आदळतो. ते बहुधा 1400 आरपीएमच्या आसपास असावे. चेन ढिली असणे, मागच्या हबमधील रबर झिजणे, गाडी पडून गिअरची दांडी वाकणे, हेही पाहून घ्यावे, त्याला फार वेळ लागत नाही.

एवढ्यानेही क्लच सुटला नाही तर फक्त क्लचचे कव्हर उघडायला सांगावे. बहुतेक भारतीय गाड्यांत ते उजव्या बाजूला असते आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागत नाही. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून पाहाव्यात, डुलत असतील तर त्या वाकल्या आहेत. ज्या क्लच हाउसिंगमध्ये प्लेटांचे कान अडकतात, त्याच्या बोटांवरून नख फिरवावे. तेथे नख अडकण्याइतके खड्डे पडले असतील तर प्लेटा त्यांत रुतून बसतात, आणि अशा वेळी नव्या प्लेटा टाकूनही दोष जात नाही. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत क्लच अर्धा दाबून गाडी रेटण्याची सवय असलेल्यांच्या गाड्यांना हे दुखणे लवकर लागते. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवलेल्या असाव्यात आणि कव्हरचे पॅकिंग नवे घालावे.

गिअरबॉक्सचा खरा दोष वेगळा ओळखू येतो. इंजिन बंद असतानाही एखादा गिअर पडत नाही, रेस दिल्यावर दुसरा गिअर आपोआप सुटतो, किंवा एकाच ठरावीक गिअरमध्ये घरघर ऐकू येते. यांपैकी काही असेल तर इंजिनाचे दोन भाग वेगळे करणे टळत नाही. मात्र ते काम आपल्यासमोर उघडून घ्यावे आणि गिअर सरकवणारा झिजलेला फोर्क किंवा गोलावलेले दाते हातात घेऊन पाहिल्यावरच नव्या भागांचे पैसे द्यावेत.