इंजिनाचं नंतर बघू, आधी गाडी नावावर करा

पुण्याहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. वय ३७, हिंजवडीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख ७० हजार. मुलगी सहा वर्षांची, तिच्यासाठी बायकोने नोकरी सोडलीये. फ्लॅटचं ४२ लाखांचं कर्ज बाकी, हप्ता ३८ हजार, घरखर्च साठ हजार. चार महिन्यांपूर्वी त्यांनी मुंबईच्या एका डीलरकडून २०११ ची पोर्शे बॉक्स्टर घेतली, २.९ लिटरचं इंजिन, पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर ३१ हजार किलोमीटर, किंमत २९ लाख. १५ लाख होम लोनवर टॉप-अप काढून, पंधरा वर्षांसाठी, आणि उरलेले १४ लाख एफडी आणि म्युच्युअल फंड मोडून. बँकेत आता दीड लाख शिल्लक. आणि गाडी घेतल्यावर त्यांनी इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली, पोर्शेचं आयएमएस, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं, बेअरिंग तुटतं आणि अख्खं इंजिन जातं असं वाचलं, तेव्हापासून झोप नाही. डीलर दोन वर्षांची वॉरंटी १ लाख ७५ हजारांना देतोय. ती घेऊ, की तेवढे पैसे इंजिनासाठी बाजूला ठेवू, हा त्यांचा प्रश्न.

पण पत्राच्या शेवटी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात, त्या जशाच्या तशा देतो. एक: "गाडी अजून आधीच्या कंपनीच्याच नावावर आहे, डीलर म्हणाला नावावर करू नका, पुढे विकताना एक ओनर कमी दिसेल, इन्शुरन्स पण त्यांचाच चालू आहे." दुसरी: "डीलरच्या ओळखीच्या एकांनी गॅरंटीड इन्कमची पॉलिसी दिली, वर्षाला १ लाख २० हजार, त्यातून गाडीचा मेंटेनन्स निघेल म्हणाले, पॉलिसीचे कागद तीन आठवड्यांपूर्वी आले."

बेअरिंगचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. तुमच्या इंजिनात ते बेअरिंगच नाहीये. १९९७ ते २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये, पोर्शेच्याच केमनमध्ये आणि त्या काळातल्या बहुतेक ९११ मध्ये एम९६ आणि एम९७ ही इंजिनं होती, त्यात क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टच्या चेनला फिरवायला मध्ये एक वेगळा शाफ्ट होता आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग. ते गेलं की टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. अमेरिकेत त्यावर ग्राहकांचा मोठा दावा झाला, २००१ ते २००५ च्या मॉडेलसाठी कंपनीने तडजोड केली. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेने इंजिनच नवीन आणलं आणि तो मधला शाफ्ट काढूनच टाकला. तुमची २.९ त्या नव्या कुटुंबातली. म्हणजे चार महिने तुम्ही दुसऱ्याच्या गाडीच्या आजाराने जागताय.

याचा अर्थ इंजिन अमर आहे असं नाही. कॉइल, वॉटर पंप, पीडीकेचं ऑइल, हे खर्च येणारच. पोर्शेचं डायग्नॉस्टिक मशीन ज्याच्याकडे आहे अशा वर्कशॉपमध्ये, डीलरने सुचवलेल्या नव्हे, गाडी एक दिवस द्या. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती बघायला सांगा, ऑइलचा नमुना लॅबला द्या, आणि कंट्रोल युनिटमधून इंजिन एकूण किती तास चाललंय तो आकडा काढा. हा तासांचा आकडा फार बोलका असतो. ३१ हजार किलोमीटर आणि बाराशे-पंधराशे तास असतील तर मुंबईच्या ट्रॅफिकला धरून ठीक आहे. चार हजार तास निघाले तर ताशी आठ किलोमीटरने कोणी बॉक्स्टर चालवत नाही, मीटर मागे फिरवलंय. तीस-चाळीस हजार खर्च धरा. हे २९ लाख देण्याआधी करायचं होतं, पण आताही करा.

आता वॉरंटी. तुम्ही फोटो पाठवलाय म्हणून वाचली. दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त तीन लाख देणार, झीज वगळली, आधीपासून असलेला दोष वगळला, सील आणि गास्केट वगळले, आणि दोष आधीपासून होता की नाही हे ठरवणार डीलर स्वतः. साधा हिशोब करा. वर्षाला शंभरातल्या तीन गाड्यांचं इंजिन जातं असं धरू, मुद्दाम जास्त धरतोय, आणि खर्च बारा लाख. म्हणजे दोन वर्षांची जोखीम झाली साधारण सत्तर हजार, आणि त्यातलेही फक्त तीन लाखांपर्यंतचे हे देणार, म्हणजे तुमच्यासाठी या कागदाची किंमत अठरा-वीस हजार. त्याचे पावणेदोन लाख मागतायत. नको.

प्रश्न संपला. आता ज्याने मला पत्र वाचताना घाम फुटला तिकडे येतो.

गाडी नावावर नाही म्हणजे ती तुमची नाही, निदान ज्यांच्यासमोर सिद्ध करावं लागेल त्यांच्यासमोर तरी नाही. पैसे तुम्ही दिलेत, ताबा तुमच्याकडे आहे, घरावर कर्ज तुम्ही काढलंय, आणि आरसीवर नाव एका कंपनीचं. उद्या त्या कंपनीवर जीएसटीची किंवा इन्कम टॅक्सची वसुली आली, बँकेने जप्ती आणली, कंपनी दिवाळखोरीत गेली, तर मालमत्तेच्या यादीत ही गाडी दिसणार, आणि तुम्ही हातात एक विक्रीची पावती आणि सही केलेले फॉर्म घेऊन वकिलाकडे फेऱ्या मारणार. कंपनीचा डायरेक्टर बदलला तर जुन्या डायरेक्टरच्या सहीला आरटीओत कोण विचारतं? चार महिन्यांत हे झालं नाही ते नशीब.

इन्शुरन्सचं तर त्याहून वाईट. मोटर व्हेइकल्स ॲक्टच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीचं कव्हर आपोआप नव्या मालकाकडे येतं, म्हणजे तुमच्या गाडीने कोणाला धक्का लागला तर त्याला भरपाई मिळेल. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आपोआप येत नाही, चौदा दिवसांत इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते, आणि सुप्रीम कोर्टाने हे नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलंय. ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याने गाडी विकली, त्याचा गाडीत काही संबंध उरला नाही, आणि ज्याची गाडी आहे त्याच्या नावावर पॉलिसी नाही, मग क्लेम कोणाला द्यायचा? कोणालाच नाही, असंच इन्शुरन्स कंपनी बहुतेक म्हणणार. चार महिने तुम्ही २९ लाखांची गाडी एक्स्प्रेसवेवर स्वतःच्या नुकसानीच्या कव्हरशिवाय चालवताय, वर मार्चपर्यंत चालू आहे म्हणून निर्धास्त आहात. आणि गाडी कंपनीच्या नावावर असेल तर मालक-चालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तोसुद्धा नसतो. म्हणजे गाडीला काही झालं तरी शून्य आणि तुम्हाला काही झालं तरी त्या पॉलिसीतून शून्य.

पुण्यात बॉक्स्टरचं इंजिन कशाने जाईल याचा खरंच विचार करायचा असेल तर पावसाचा करा. गाडी जमिनीला टेकलेली, साचलेल्या पाण्यात घातली, हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं, की कनेक्टिंग रॉड वाकतो, दहा-बारा लाख तिथेच गेले. साध्या पॉलिसीत हे सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन लागतो, आणि इतक्या जुन्या गाडीला तो बहुतेक कंपन्या देत नाहीत. सॉफ्ट टॉपच्या, म्हणजे कापडी छताच्या, पाण्याच्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जातं, त्या नळ्या मे महिन्यात साफ करून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणि मुदत. २०११ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन २०२६ मध्ये संपतं. मग फिटनेस, पर्यावरण कर, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण. अर्ज कोण करणार? आरसीवर ज्याचं नाव आहे तो. म्हणजे मुदत संपताना तुम्ही परत त्या कंपनीच्या दारात उभे राहणार आणि त्यांना तेव्हा तुमच्याशी काही देणंघेणं नसणार. आत्ता नावावर करायला जो त्रास आहे तो तेव्हा दुप्पट असेल.

डीलरने हे का सांगितलं असेल? मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कंपनीचा ठराव, बँकेचा बोजा असला तर फॉर्म ३५ आणि एनओसी, थकलेली चलनं, हे सगळं जमवायचं काम त्याचं होतं आणि ते त्याला टाळायचं होतं. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडे नोंदणी करून गाडी आपल्या ताब्यात आल्याचं ऑनलाइन कळवायचं असतं, ते त्याने केलंय का हेही विचारा. एक ओनर कमी दिसला म्हणून पुढे फार तर लाख-दीड लाख जास्त येतील, त्यासाठी २९ लाख टांगणीला लावायचे, हा हिशोब त्याच्या फायद्याचा आहे, तुमच्या नाही.

म्हणून या आठवड्यात: परिवहनच्या साइटवर गाडीच्या नंबरवरून आरसी बघा, बोजा आहे का, चलनं किती, इन्शुरन्स खरंच चालू आहे का. डीलरला लेखी कळवा, ईमेलवर, फोनवर नाही, की पंधरा दिवसांत ट्रान्सफरचे पूर्ण कागद द्या नाहीतर गाडी परत घेऊन पैसे द्या. आरटीओत नावावर करायची मुदत उलटलीये, थोडा दंड लागेल, भरा. इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसी नावावर मागा किंवा नवीन काढा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागेल, कुरकुर न करता भरा. तोपर्यंत गाडी पार्किंगमध्ये. मला माहीत आहे हे जड जाईल, स्वप्न होतं म्हणून लिहिलंयत आणि ते मी मनापासून समजतो, पण चालवू नका.

पॉलिसीवर येतो, कारण तिथे दिवस मोजायचे आहेत. बारा वर्षं १ लाख २० हजार भरायचे, म्हणजे १४ लाख ४० हजार, मग तेराव्या वर्षाअखेरपासून बारा वर्षं दरसाल २ लाख २० हजार मिळणार. एजंट म्हणणार पैसे जवळपास दुप्पट. परतावा काढला तर वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत येतो. तुम्ही नऊ टक्क्यांनी घरावर कर्ज काढलंय आणि दुसरीकडे पाच टक्क्यांनी पैसे गुंतवताय, म्हणजे दरवर्षी चार टक्के स्वतःच्या खिशातून देताय. मेंटेनन्स निघेल म्हणे! पहिला पैसा येईल तेव्हा गाडी अठ्ठावीस वर्षांची असेल. हे सांगून पॉलिसी विकणाऱ्या माणसाचा मला खरंच राग येतो, कारण त्याला समोर दिसत होतं की याच्याकडे सहा वर्षांची मुलगी आहे आणि टर्म इन्शुरन्स नाही, तरी त्याने बारा लाखांचं कव्हर देऊन कमिशन घेतलं. नियमाप्रमाणे पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती कारण न देता परत करता येते, थोडे स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी परत मिळतात. तुमचे तीन आठवडे गेलेत. एजंटकडे जाऊ नका, तो "थांबा, साहेबांशी बोलतो" म्हणत तीस दिवस घालवेल. कंपनीच्या शाखेत अर्ज द्या, पोच घ्या, ईमेलही करा.

मग दीड कोटींचा साधा टर्म प्लॅन, तुमच्या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. ऑफिसचं तीस लाखांचं कव्हर ४२ अधिक १५ लाखांच्या कर्जालासुद्धा पुरत नाही, आणि नोकरी गेली की तेही गेलं.

टॉप-अप. १५ लाख, नऊ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता सव्वापंधरा हजार, एकूण साडेसत्तावीस लाखांच्या आसपास भरणार, म्हणजे साडेबारा लाख फक्त व्याज, आणि शेवटचा हप्ता द्याल तेव्हा गाडी तीस वर्षांची होत आली असेल. पगारातून दोन्ही हप्ते, घरखर्च आणि गाडीचे महिन्याचे वीस हजार काढले, हो वीस धरा, सर्व्हिस, टायर, इन्शुरन्स सगळं मिळून वर्षाला दोन लाख चाळीस हजारांच्या खाली ही गाडी सांभाळली जात नाही, तर टर्म प्लॅनचे पैसे वगळून पस्तीस हजार उरतात. पहिलं वर्ष हे सगळे बँकेत साठवा. आधीचे दीड लाख आणि पॉलिसीचे परत आलेले धरून पावणेसात-सात लाख होतील, सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते त्यात बसतात. वर्षानंतर टॉप-अपमध्ये हप्ता धरून महिना ३१ हजार भरायला लागा, बदलत्या दराच्या होम लोनला आगाऊ भरण्याचा दंड नसतो. एकूण सहा वर्षांत संपेल आणि पावणेआठ लाखांच्या आसपास व्याज वाचेल. वॉरंटी कधी देणार नाही इतके पैसे तुम्हाला हे एक काम देतंय.

गाडी पाच वर्षांत क्लासिक होऊन किंमत वाढेल, असंही लिहिलंयत. नाही वाढणार. आपल्या २०२१ च्या नियमात व्हिंटेज गाडी म्हणजे पन्नास वर्षांवरची, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची बेस बॉक्स्टर गोळा करायला कोणी रांग लावत नाही. पाच वर्षांनी पंधरा-सोळा लाख येतील असं धरून चाला आणि त्यात तुमचं समाधान होत असेल तर ठेवा.

कागद पूर्ण झाले आणि सिलिंडर साफ निघाले तर विकू नका, आत्ता विकलीत तर डीलर चोवीसच्या वर बोलणार नाही, पाच लाख उभ्या उभ्या जातील. पण एक आकडा आजच बायकोबरोबर बसून लिहून ठेवा: एका वेळचं दुरुस्तीचं बिल पाच लाखांच्या वर गेलं तर आहे त्या अवस्थेत विकायची, पुन्हा कर्ज नाही, बँकेत साठवलेल्याला हात नाही. आणि पंधरा दिवसांत कंपनीने ट्रान्सफरच्या कागदांवर सही केली नाही तर मला नाही, वकिलाला लिहा, डीलरला दिलेल्या २९ लाखांच्या बँक एंट्रीज सोबत घेऊन. त्यातला एखादा हिस्सा रोख दिला असेल तर वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांगा.